पृथक तह, मध्यस्थी आणि सीमा : पहिले इंग्रज-मराठा युद्ध व ठाणे-कल्याण परिसर (इ.स. १७७४ ते १७८४)

प्रस्तावना

युद्धकाळात अनेक सत्ता एकत्र येऊन समान शत्रूविरुद्ध करार करतात, तेव्हा त्या कराराचे बळ दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे रणांगणावरील सहकार्य आणि दुसरी म्हणजे एकमेकांना सोडून शत्रूशी परस्पर तह न करण्याचे वचन. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक नाजूक असते. संघातील एखादा घटक, विशेषतः तुलनेने लहान घटक, युद्धाचा भार असह्य झाल्यामुळे किंवा स्वहिताच्या विचाराने शत्रूशी स्वतंत्र तह करतो, तेव्हा उरलेल्या मित्रांपुढे युद्ध एकाकी चालवावे की आपणही तहाला राजी व्हावे, असा पेच उभा राहतो. आधुनिक युरोपच्या इतिहासात या पेचाची पुष्कळ चर्चा झाली आहे. तथापि अठराव्या शतकातील भारतीय राजकारणातही तो तितक्याच तीव्रतेने अनुभवास आला होता आणि त्याचा निर्णय ठाणे-कल्याण परिसराच्या भूमीवर प्रत्यक्ष सीमारेषेच्या रूपाने उमटला, याकडे स्थानिक इतिहासाच्या लेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पहिले इंग्रज-मराठा युद्ध (इ.स. १७७५ ते १७८२) हे मुळात साष्टी व वसईच्या प्रश्नातून पेटले. त्याचा शेवट सालबाईच्या तहाने झाला. या तहानुसार साष्टी बेट, म्हणजेच ठाणे, इंग्रजांकडे राहिले आणि कल्याण व वसई पेशव्यांकडे परत आली. एकाच खाडीच्या दोन तीरांवरील, एकाच प्रांताचे भाग असलेल्या या दोन ठिकाणांचे भवितव्य इतके भिन्न का ठरले, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ लष्करी घटनांत सापडत नाही. युद्धकाळात एकामागून एक झालेल्या पृथक तहांच्या मालिकेत ते शोधावे लागते.

उद्दिष्टे

१) पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील पृथक तहांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) महादजी शिंदे यांनी इ.स. १७८१ मध्ये केलेल्या स्वतंत्र तहाचे स्वरूप व परिणाम तपासणे.
३) सालबाईच्या तहातील कलमांचा ठाणे-कल्याण परिसराच्या दृष्टीने अर्थ लावणे.
४) मित्रसंघातील विश्वास व स्वहित यांच्या संघर्षाची समकालीन जागतिक घटनांशी तुलना करणे.

साष्टीचा प्रश्न : युद्धाचे मूळ

साष्टी बेट मराठ्यांनी इ.स. १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत इ.स. १७३९ मध्ये वसईही हाती आली. मुंबई बेटाच्या अगदी लगत असलेला हा सुपीक प्रदेश मराठ्यांच्या ताब्यात असणे मुंबईकर इंग्रजांना सतत बोचत होते. मुंबईचे धान्य, मीठ, लाकूड आणि घाटावरून खाडीमार्गे उतरणारा व्यापार यांवर साष्टीच्या धन्याची नजर राही. पेशवा माधवरावांच्या कारकिर्दीत वाटाघाटींनी साष्टी मिळविण्याचे इंग्रजांचे प्रयत्न फसले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि परिस्थिती पालटली. रघुनाथरावांच्या विरोधात नाना फडणीस, सखारामबापू बोकील प्रभृती मुत्सद्द्यांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर रघुनाथरावांचा पक्ष दुबळा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगीज आरमार आपले जुने प्रांत परत घेण्यास येत असल्याची बातमी मुंबईस पोहोचली. ही बातमी निमित्त करून मुंबई सरकारने ठाण्यावर सैन्य पाठविले. जनरल रॉबर्ट गॉर्डन याच्या नेतृत्वाखाली २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी हल्ला करून घेतला. या मोहिमेत आरमाराचा अधिकारी जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. ठाणे घेतले गेले तेव्हा पुणे दरबार आणि कंपनी यांच्यात युद्ध जाहीर झालेले नव्हते आणि रघुनाथरावांशी तहही झालेला नव्हता. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह, ज्यात रघुनाथरावांनी साष्टी व वसई इंग्रजांना देण्याचे मान्य केले, तो या कबजाला मागाहून दिलेला कायदेशीर पोशाख होता.

कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने हा तह अमान्य केला आणि कर्नल अप्टन याला पुण्यास पाठविले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यात इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे कबूल केले, परंतु साष्टी सोडण्याचे कबूल केले नाही. ती ठेवावी की तिच्या बदल्यात तीन लक्ष उत्पन्नाचा मुलूख घ्यावा, याची निवड गव्हर्नर जनरलवर सोपविली गेली आणि ती ठेवण्याच्या बाजूनेच झाली. म्हणजे ज्या कलकत्त्याने मुंबईच्या युद्धाला अन्याय्य ठरविले, त्यानेच त्या युद्धाची प्राप्ती मात्र पदरात ठेवली. पुढे सालबाई येथे या तारखेला निर्णायक महत्त्व आले.

वडगाव : सामायिक विजय आणि खासगी कलम

पुरंदरचा तह दोन्ही पक्षांना मानवला नाही. सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील इ.स. १७७७ मध्ये पुण्यास आल्याने इंग्रजांचा संशय वाढला. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईच्या फौजेने रघुनाथरावांना घेऊन बोरघाटाच्या मार्गाने पुण्याकडे कूच केले. मराठ्यांनी मुलूख उजाड करीत, रसद तोडीत या फौजेला तळेगावपर्यंत येऊ दिले. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री इंग्रजांनी माघार सुरू केली आणि वडगाव येथे त्यांना कोंडून तह करण्यास भाग पाडले गेले.

वडगावच्या करारानुसार साष्टीसह इंग्रजांनी इ.स. १७७३ नंतर मिळविलेला सर्व मुलूख परत करावयाचा होता. कागदावर ठाणे पुन्हा मराठ्यांचे झाले. परंतु याच प्रसंगी इंग्रजांनी महादजी शिंद्यांशी एक वेगळी बोलणी केली. वाटाघाटींतील साहाय्याबद्दल भडोच शिंद्यांना देण्याचे आणि त्यांच्या सेवकांना ४१,००० रुपये बक्षीस देण्याचे ठरले. हा पृथक तह नव्हता, कारण मुख्य तह संपूर्ण मराठी सत्तेच्या वतीने झाला होता. तथापि विजयाच्या क्षणीच प्रतिपक्षाने मराठी संघातील एका प्रबळ घटकाशी स्वतंत्र व्यवहाराचा दरवाजा उघडला आणि त्या घटकाने तो बंद केला नाही, हे नोंदविण्याजोगे आहे. मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी वडगावचा तह झिडकारला. साष्टी परत मिळाली नाही, पण शिंद्यांकडे जाणारी वाट मात्र इंग्रजांच्या लक्षात राहिली.

चौघांचा संघ आणि त्यातील गळती

वडगावनंतर युद्ध अटळ आहे हे ओळखून नाना फडणीसांनी इंग्रजविरोधी मोठा संघ उभारला. पेशवे, निजामअली, हैदरअली आणि नागपूरकर मुधोजी भोसले हे त्याचे चार घटक होते. हैदराने कर्नाटकात मद्रासवर, निजामाने उत्तर सरकारांवर, भोसल्यांनी बंगालवर आणि पेशव्यांच्या सरदारांनी मुंबई व गुजरातेत इंग्रजांवर चाल करावी, अशी ही योजना होती. कंपनीच्या तिन्ही इलाख्यांवर एकाच वेळी दडपण आणण्याची कल्पना या काळातील भारतीय मुत्सद्देगिरीत अपूर्व म्हणावी लागेल. हैदराला संघात आणण्यासाठी पेशव्यांनी कृष्णा-तुंगभद्रा दुआबातील आपल्या हक्कांवर पाणी सोडले. कालपर्यंतच्या शत्रूला मित्र करण्याची ही किंमत होती आणि म्हणूनच हैदराला सोडून तह करणे पुण्याला सहज शक्य नव्हते.

या संघाला पहिली गळती बाहेरच्या मित्राकडून नव्हे, तर घरातून लागली. २६ जानेवारी १७८० रोजी फत्तेसिंगराव गायकवाड यांनी जनरल गॉडर्डशी स्वतंत्र करार केला. पेशव्यांच्या वाट्याचा अहमदाबादचा भाग गायकवाडांना मिळावा आणि त्या बदल्यात त्यांनी इंग्रजांना साहाय्य करावे, असे ठरले. १५ फेब्रुवारी १७८० रोजी अहमदाबाद इंग्रजांनी जिंकले. गायकवाड घराण्यातील वारसाहक्काच्या तंट्यात पुण्याने वेळोवेळी केलेला हस्तक्षेप आणि नजराण्यांचा भार या गोष्टी ध्यानात घेतल्या, तर फत्तेसिंगरावांच्या निर्णयामागील असंतोष समजू शकतो.

दुसरी गळती निजामाची. गुंटूरचा प्रांत मद्रास सरकारने निजामाचा भाऊ बसालतजंग याच्याकडून परस्पर घेतला होता. त्यामुळे निजाम संघात आला होता. वॉरन हेस्टिंग्जने हे ओळखून इ.स. १७८० मध्ये गुंटूर निजामाला परत करण्याची आज्ञा दिली आणि निजामाची तलवार म्यानातच राहिली.

तिसरी गळती नागपूरची. मुधोजींचे पुत्र चिमणाजी यांची मोठी फौज बंगालवर निघाली खरी, पण ती इतक्या संथपणे चालली की मे १७८० मध्ये ती कटकला पोहोचली आणि तेथेच थबकली. संघाची योजना मुधोजींनी स्वतःच हेस्टिंग्जला कळविली होती. एप्रिल १७८१ मध्ये डेव्हिड अँडरसनच्या मध्यस्थीने करार झाला. १३ लक्ष रुपये घेऊन भोसल्यांची फौज परत फिरली आणि बंगालमधून मद्रासकडे जाणाऱ्या कर्नल पिअर्सच्या फौजेला ओरिसातून वाट मिळाली. या वाटेने गेलेले सैन्य हैदरावर चालून गेले. पृथक तहामुळे केवळ एक आघाडी बंद होत नाही, तर तेथील शत्रूचे बळ दुसऱ्या मित्राच्या अंगावर जाते, हे येथे स्पष्ट दिसते.

हैदरअलीने मात्र आपला शब्द पाळला. जुलै १७८० मध्ये त्याने कर्नाटकात प्रवेश केला आणि १० सप्टेंबर १७८० रोजी पोलिलूर येथे कर्नल बेलीच्या तुकडीचा संपूर्ण पराभव केला. चौघांच्या संघापैकी प्रत्यक्ष लढणारे आता दोनच उरले होते, हैदर आणि पुणे.

कल्याण : युद्धभूमी आणि तारण

पुण्याच्या आघाडीचे केंद्र या वेळी उत्तर कोकण होते. ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांचा तळ असल्यामुळे खाडी ओलांडून कल्याणवर चाल करणे त्यांना सोपे होते. कल्याण हे प्रांताचे मुख्य ठाणे. बोरघाट, माळशेज व नाणेघाटाकडून येणाऱ्या वाटा आणि उल्हास नदीचा जलमार्ग तेथे एकत्र येत. मुंबईची रसद तोडण्यासाठी मराठी फौजा कोकणात उतरल्यावर इंग्रजांनी इ.स. १७८० च्या उन्हाळ्यात कल्याण घेतले आणि तेथे कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेलच्या हाताखाली शिबंदी ठेवली.

नाना फडणीसांनी कल्याणचे महत्त्व जाणून मोठी फौज रवाना केली. मराठ्यांनी इंग्रजांची एक पुढील चौकी कापून काढली आणि कल्याणला वेढा घातला. शरण न आल्यास कैद्यांची गय केली जाणार नाही, असा निरोप पाठविण्यात आला, परंतु कॅम्पबेलने ठाणे सोडले नाही. अखेरच्या हल्ल्याची तयारी चालू असतानाच २४ मे १७८० च्या सुमारास कर्नल हार्टले फौज घेऊन पोहोचला आणि वेढा उठला. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन ॲबिंग्टनने कल्याणजवळच्या मलंगगडावर हल्ला केला. खालचा भाग त्याच्या हाती आला, पण बालेकिल्ला मराठ्यांनी झुंजत राखला आणि खाली जमलेल्या मराठी फौजेने ॲबिंग्टनचीच कोंडी केली. ऑक्टोबरच्या आरंभी हार्टलेने त्याची सुटका केली. डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यातील गावांना या सहा महिन्यांत दोन्ही फौजांच्या हालचालींचा उपद्रव सोसावा लागला असणार, हे या मार्गांच्या रचनेवरून उघड आहे.

पुढे गॉडर्डने वसईला वेढा घातला आणि ११ डिसेंबर १७८० रोजी वसई पडली. दुसऱ्याच दिवशी दुगाडच्या लढाईत वसईच्या कुमकेसाठी आलेले सरदार रामचंद्र गणेश कानडे धारातीर्थी पडले. गॉडर्डने यानंतर बोरघाट चढून पुण्याला धाक घालण्याचा प्रयत्न केला. त्याच सुमारास त्याने तहाची बोलणीही लावली. मात्र हैदरअलीचा समावेश नसलेला कोणताही तह पुण्याला मान्य नाही, असे उत्तर त्याला मिळाले. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांच्या फौजांनी गॉडर्डला जेरीस आणले आणि एप्रिल १७८१ मध्ये मोठी हानी सोसून तो पनवेलला परतला. कोकणचा किनारी प्रदेश इंग्रजांकडे, घाटमाथा मराठ्यांकडे, अशी कोंडी निर्माण झाली. कल्याण आणि वसई ही आता इंग्रजांच्या हातातील तारणे होती. ती जिंकण्यात जितका त्यांचा लाभ होता, त्याहून अधिक लाभ ती योग्य वेळी परत करण्यात होता.

महादजींचा स्वतंत्र तह

कोकणात कोंडी झाली असताना हेस्टिंग्जने युद्धाचा गुरुत्वबिंदू माळव्याकडे नेला. ऑगस्ट १७८० मध्ये मेजर पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला रात्रीच्या हल्ल्यात घेतला. या मोहिमेत गोहदचा राणा इंग्रजांचा दोस्त होता. मार्च १७८१ मध्ये कर्नल कॅमॅकने महादजींच्या छावणीवर रात्री छापा घातला. महादजी गुजरातच्या आघाडीवरून आपल्या मुलखाच्या रक्षणासाठी आधीच परतले होते. हळूहळू इंग्रजांना हटवून त्यांनी स्थिती सावरली, परंतु उत्तर हिंदुस्थानातील आपला पाया या युद्धात खचत आहे, ही जाणीव त्यांना झाली.

१३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजी व कर्नल म्यूर यांच्यात तह झाला. महादजींनी उज्जैनकडे माघारी जावे, युद्धात तटस्थ राहावे आणि इंग्रज, पेशवे व हैदरअली यांच्यात समेट घडविण्याचा प्रयत्न करावा, असे ठरले. इंग्रजांनी यमुनेच्या पश्चिमेकडील त्यांचा घेतलेला मुलूख परत करावयाचा होता. गोहदच्या राण्याला मात्र, त्याचे वर्तन नीट असेतोवर, उपद्रव द्यावयाचा नव्हता.

या तहाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. महादजींनी पुण्याचा विश्वासघात केला, असे एक टोक. त्यांनी दूरदृष्टीने मराठी राज्य वाचविले, असे दुसरे. वस्तुतः तहाच्या कलमांतच दोन्ही शक्यता साठवलेल्या आहेत. तटस्थतेचे कलम हे शुद्ध पृथक तहाचे कलम आहे. मध्यस्थीचे कलम त्याला सार्वत्रिक तहाची प्रस्तावना बनविते. लहान मित्र जेव्हा केवळ युद्धातून बाहेर पडतो, तेव्हा त्याचे महत्त्व संपते. तो मध्यस्थ होऊन बाहेर पडतो, तेव्हा दोन्ही पक्षांना त्याची गरज लागते आणि तो लहान राहत नाही. नात्याने पेशव्यांचा सरदार असलेल्या महादजींनी या एका कलमाने स्वतःला दोन सत्तांमधील तिसऱ्या सत्तेच्या स्थानी नेले.

हेस्टिंग्जची निकडही येथे विसरता येत नाही. ऑगस्ट १७८१ मध्ये बनारसच्या चेतसिंगाच्या उठावाने त्याला चुनारच्या आश्रयाला जावे लागले होते. मद्रास इलाखा हैदराच्या दडपणाखाली होता, कंपनीचा खजिना रिता होता आणि फ्रेंच आरमाराच्या आगमनाची धास्ती होती. म्यूरच्या तहाला राजी होणारे दोन्ही पक्ष थकलेले होते.

सालबाईचा तह : सार्वत्रिक की पृथक?

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे डेव्हिड अँडरसन व पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे यांनी सतरा कलमांचा तह केला. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेली वसईसह सर्व ठिकाणे पेशव्यांना परत करावीत. साष्टी बेट आणि घारापुरी, करंजा व हॉग ही बेटे इंग्रजांकडे राहावीत. रघुनाथरावांना इंग्रजांनी आश्रय देऊ नये व त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळावी. गायकवाडांची स्थिती युद्धापूर्वीप्रमाणे राहावी. हैदरअलीने इंग्रज व अर्काटचा नवाब यांच्याकडून घेतलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा व कैदी मुक्त करावेत, याची जबाबदारी पेशव्यांनी घ्यावी. पोर्तुगिजांखेरीज अन्य युरोपीय सत्तांना पेशव्यांनी आपल्या राज्यात वखारी घालू देऊ नयेत. तहाच्या पालनाची हमी महादजींनी दोन्ही पक्षांना द्यावी. ही त्यातील ठळक कलमे होत.

ठाणे-कल्याणच्या दृष्टीने पहिल्या दोन बाबी निर्णायक आहेत. पुरंदरच्या तहाचा दिवस, म्हणजे १ मार्च १७७६, हा प्रमाण मानला गेला. ठाणे त्यापूर्वी, डिसेंबर १७७४ मध्ये, गेले होते. कल्याण त्यानंतर, १७८० मध्ये, गेले होते. म्हणून कल्याण परत आले आणि ठाणे गेले ते गेलेच. युद्ध जाहीर न करता घेतलेले ठाणे कायम झाले आणि उघड युद्धात जिंकलेले कल्याण परत मिळाले, अशी ही विसंगती आहे. कल्याणच्या शिबंदीने दाखविलेला चिवटपणा, वसईचा वेढा, दुगाडची लढाई यांची फलश्रुती इंग्रजांच्या दृष्टीने एवढीच, की परत करण्यासाठी त्यांच्या हाती काहीतरी आले आणि साष्टीचा प्रश्न बोलण्यांच्या कक्षेबाहेर ठेवता आला. वडगावला कागदावर परत मिळालेली साष्टी सालबाईला कागदावरूनही गेली.

हैदरअलीविषयीचे कलम अधिक विचारणीय आहे. हैदर या तहात पक्ष नव्हता, तथापि त्याने काय सोडावे हे तहात लिहिले गेले होते. म्हणजे महादजींच्या पृथक तहातून निघालेला सार्वत्रिक तह हैदराच्या दृष्टीने पुण्याचाच पृथक तह ठरला. गायकवाड, निजाम, भोसले, शिंदे आणि शेवटी खुद्द पेशवे अशी ही साखळी आहे. प्रत्येक जण बाहेर पडताना उरलेल्यांना आधीपेक्षा अधिक एकाकी करून गेला.

नानांचा विलंब

ही नामुष्की नाना फडणीसांना पुरती उमगली होती. हेस्टिंग्जने ६ जून १७८२ रोजी तहाला मान्यता दिली, परंतु नानांनी सात महिने शिक्का उमटविला नाही. एकीकडे हैदराला तह पूर्ण न झाल्याचे सांगून त्याच्याकडून सवलती मिळवाव्यात आणि दुसरीकडे इंग्रजांना हैदराशी असलेल्या स्नेहाचा धाक दाखवून साष्टीविषयी काही सुधारणा पदरात पाडावी, असा त्यांचा दुहेरी प्रयत्न होता. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदरअलीचा मृत्यू झाला. त्यानंतर १३ दिवसांनी, २० डिसेंबर १७८२ रोजी, पेशव्यांचा शिक्का तहावर पडला. २४ फेब्रुवारी १७८३ रोजी प्रतींची देवघेव झाली. ज्या मित्रासाठी तह अडवून धरला होता तो मित्रच न राहिल्यावर विलंबाचे हत्यार निकामी झाले.

हैदराचा पुत्र टिपू याने युद्ध चालूच ठेवले. त्याला सालबाईचे कलम बंधनकारक वाटण्याचे कारण नव्हते. ११ मार्च १७८४ रोजी मद्रास सरकारने त्याच्याशी मंगळूर येथे स्वतंत्र तह केला आणि त्यात पुण्याच्या मध्यस्थीला स्थान दिले नाही. हैदराला वगळून तह करणाऱ्या पुण्याला दोन वर्षांच्या आत त्याच न्यायाने वगळले गेले.

समकालीन जगातील पडसाद

हा अनुभव मराठ्यांपुरता मर्यादित नव्हता. इ.स. १७७८ मध्ये अमेरिकन वसाहतींनी फ्रान्सशी केलेल्या करारात परस्पर संमतीवाचून इंग्लंडशी तह न करण्याचे कलम होते. तरीही ३० नोव्हेंबर १७८२ रोजी, म्हणजे नाना सालबाईवर शिक्का करण्यापूर्वी तीनच आठवडे, अमेरिकन वकिलांनी फ्रान्सला न विचारता इंग्लंडशी प्राथमिक कलमे ठरविली. फ्रान्सशी समेट होईपर्यंत ती अमलात येणार नाहीत, एवढी पळवाट त्यांनी ठेवली. महादजींचे मध्यस्थीचे कलम आणि अमेरिकनांची ही अट यांचा हेतू सारखाच होता. स्वतंत्रपणे बाहेर पडायचे, पण करार मोडल्याचा दोष शक्य तितका टाळायचा. युरोपातील तहाची बातमी इ.स. १७८३ च्या उन्हाळ्यात कडलूरला पोहोचताच तेथील फ्रेंच फौजेने लढणे थांबविले आणि टिपू आणखी एकाकी पडला.

विसाव्या शतकात मित्रराष्ट्रांनी सप्टेंबर १९१४ मध्ये लंडन येथे पृथक तह न करण्याची घोषणा केली. तरीही मार्च १९१८ मध्ये रशियाने ब्रेस्ट-लिटोव्हस्क येथे स्वतंत्र तह केला. म्हणजे पृथक तहाची भीती लेखी वचनाने दूर होत नाही. ज्या मित्रावर युद्धाचा भार त्याच्या लाभाच्या मानाने जास्त पडतो, तो मित्र प्रथम बाहेर पडतो, हे तत्त्व ग्वाल्हेर गमावलेल्या महादजींना जितके लागू पडते तितकेच इतरांनाही.

मोठ्या मित्राकडून लहान मित्राचा त्याग होणे ही या प्रक्रियेची दुसरी बाजू आहे. इंग्रजांनी रघुनाथरावांना सोडले आणि ते इ.स. १७८३ च्या अखेरीस कोपरगाव येथे निवर्तले. गोहदच्या राण्यालाही इंग्रजांनी पाठिंबा दिला नाही. महादजींनी इ.स. १७८३ मध्ये ग्वाल्हेर व १७८४ मध्ये गोहद घेतले. वडगावच्या प्रसंगी दाखविलेल्या औदार्याबद्दल म्हणून इंग्रजांनी भडोच महादजींना दिले, तेव्हा वडगावचे खासगी कलम तेवढे पुरे झाले. मूळ तहातील साष्टीचे कलम मात्र कधीच पुरे झाले नाही.

खाडीच्या दोन तीरांवर

सालबाईनंतर सुमारे ३५ वर्षे ठाण्याची खाडी ही दोन राज्यांमधील सीमा राहिली. ठाणे कंपनीच्या अमलाखाली होते, तर कल्याण आणि डोंबिवलीकडील गावे पेशव्यांच्या कल्याण प्रांतात होती. साष्टी हाती राहिल्यामुळे मुंबईचा विस्तार उत्तरेकडे सुरू झाला. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीव व कुर्ला यांना जोडणारा बांध इ.स. १८०५ मध्ये पूर्ण झाला. मुंबई बेट आणि ठाण्याचा प्रदेश यांचा जमिनीवरून संबंध जुळला. कल्याणचा व्यापार मात्र परक्या ठाण्यावरून जाणाऱ्या जलमार्गावर अवलंबून राहिला.

या सीमेचे राजकीय महत्त्व आणखी एका घटनेत दिसून येते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या इ.स. १८१५ मधील खुनाबद्दल त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सप्टेंबर १८१६ मध्ये तो तेथून निसटला आणि इंग्रज-पेशवे संबंध निर्वाणीला गेले. जून १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले आणि कल्याण ठाण्याच्या जिल्ह्यात सामील झाले. १७८२ मध्ये परत मिळालेली भूमी त्याच किल्ल्यातून निघालेल्या वादात गमावली गेली. इ.स. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी पुढील वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली, तेव्हा या जुन्या सीमेची खूणही व्यवहारातून पुसली गेली.

निष्कर्ष

१) ठाणे व कल्याण यांच्या भिन्न भवितव्याचे कारण रणांगणावरील यशापयशापेक्षा सालबाईच्या तहात प्रमाण मानलेल्या तारखेत आहे. ही तारीख मान्य करण्याची वेळ पुण्यावर आली, ती मित्रसंघ आतून पोखरला गेल्यामुळे.

२) चौघांच्या संघाचा भंग एका घटकाच्या विश्वासघाताने झाला नाही. गायकवाडांना पुण्याचा जाच, निजामाला गुंटूर, भोसल्यांना द्रव्य आणि शिंद्यांना माळवा अशी प्रत्येकाची स्वतंत्र कारणे होती. इंग्रजांनी प्रत्येकाला त्याचे हवे ते देऊन संघ उसवला. संघाकडे मात्र युद्धाचा भार आणि लाभ यांची समान वाटणी करणारी व्यवस्था नव्हती.

३) महादजी शिंदे यांचा इ.स. १७८१ चा तह हा पृथक तह असूनही मध्यस्थीच्या कलमामुळे त्याला वेगळे स्वरूप आले. त्यामुळे मराठी राज्याला सन्माननीय शांतता व सुमारे वीस वर्षांची उसंत मिळाली, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर साष्टीचा कायमचा त्याग आणि हैदरअलीचा विश्वास गमावणे ही त्या शांततेची किंमत होती, हेही मान्य केले पाहिजे.

४) हैदराला सोडून केलेल्या तहामुळे म्हैसूर व पुणे यांच्यातील परस्परविश्वास पुन्हा उभा राहिला नाही. टिपूविरुद्धच्या पुढील युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले आणि इ.स. १८०३ मध्ये जेव्हा त्यांना दक्षिणेत इंग्रजविरोधी मित्राची गरज होती, तेव्हा असा मित्र उरलेला नव्हता.

५) तहाची किंमत बहुधा बोलणीत नसलेल्यांना भरावी लागते. सालबाईच्या बोलण्यांत हैदराचा वकील पक्ष म्हणून नव्हता, तसेच साष्टीतील व कल्याण प्रांतातील रयतेचाही कोणी नव्हता. ज्या प्रदेशासाठी युद्ध सुरू झाले, तो प्रदेश अखेर ग्वाल्हेरजवळच्या एका गावी झालेल्या लेखाने दुभंगला गेला. स्थानिक इतिहासाचा अभ्यास करताना किल्ले व लढाया यांच्याबरोबर तहांची कलमे आणि त्यांमागील मुत्सद्देगिरी यांचाही अभ्यास का आवश्यक आहे, हे ठाणे-कल्याणच्या या उदाहरणावरून स्पष्ट होते.